बियांपासून आयरिस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आयरिस या फुलझाडाविषयी आलेल्या पत्रांपैकी बियांपासून लागवड आणि रानातील मूळ जातींचे जतन या विषयांवरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एका प्रश्नात सामावून घेतली आहेत.

प्रश्न : आयरिसचा कंद लावला की पुढच्या हंगामात फूल मिळते. मग बियांपासून रोपे करण्यात दोन-तीन वर्षे कशासाठी घालवायची?

बागेत एखादे विशिष्ट फूल हवे असेल, तर कंदच लावावा. जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या ज्या खोडाला आपण बोलीत कंद म्हणतो, त्याचा तुकडा म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. नाव दिलेल्या बागायती वाणाच्या बिया पेरून मात्र तोच वाण मिळत नाही. पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या, म्हणजे दाढीवाल्या उंच आयरिसच्या आजच्या वाणांमागे आयरिस पॅलिडा, आयरिस व्हेरिएगाटा आणि इतर काही जातींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकर आहे, त्यामुळे एकाच बोंडातील दोन बियांची फुलेही रंगाने आणि ठेवणीने वेगळी निघतात.

रानातील मूळ जात टिकवण्याचा विचार केला की हेच गणित उलटे होते. एका कंदापासून वीस कुंड्या भरल्या तरी ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच झाड असते, आणि एखादा रोग किंवा एखादा विपरीत उन्हाळा त्या वीसही कुंड्यांना सारखाच बाधतो. डोंगरउतारावर पसरलेले आयरिसचे मोठे बेटसुद्धा पुष्कळदा एकाच रोपापासून वाढलेले असते, त्यामुळे झाडे किती आहेत याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी घेतला तर फसगत होते. बी मात्र दरवेळी नवे झाड देते. कोणाला उन्हाची ताकद जास्त, कोणाला ओल सोसण्याची, कोणी आठवडाभर उशिरा फुलणारे. जातीचे भवितव्य या फरकांवर अवलंबून असते आणि ते फरक केवळ बियांतून पुढे जातात. म्हणून ज्याला जात राखायची आहे, त्याला बियांशिवाय पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मागच्या शरद ऋतूत आयरिसच्या तीस बिया पेरल्या. वसंतात त्यांतल्या जेमतेम सात उगवल्या. बाकीच्या बिया मेल्या असे समजून कुंडी रिकामी करावी का?

कृपया करू नये. याच विषयावर सर्वांत जास्त पत्रे आली आहेत आणि आयरिसच्या बियांचे सर्वांत जास्त नुकसानही याच घाईने होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आयरिसची बी कापून पाहिली तर आत पांढुरका, जवळजवळ शिंगासारखा टणक अन्नसाठा दिसतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक दांडीसारखा गर्भ असतो. हा गर्भ सजीव आणि पूर्ण वाढलेला असूनही तो लगेच रुजत नाही. 1943 मध्ये रँडॉल्फ आणि कॉक्स या अमेरिकी संशोधकांनी आयरिसच्या बियांतील अंकुरणरोधक द्रव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ अलगद बाहेर काढून निर्जंतुक पोषकद्रव्यावर ठेवला की तो काही दिवसांत वाढू लागतो, हे त्या काळापासून आयरिस वाढवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे अडचण गर्भात नसून त्याच्याभोवती असते. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी ही रोधक द्रव्ये हळूहळू धुऊन नेते, दीर्घ थंडीत बी आतून तयार होते आणि मग उबदार दिवस आले की अंकुर फुटतो.

आता लक्षात घेण्याची गोष्ट ही, की एकाच बोंडातील सर्व बियांमध्ये ही अटकाव करणारी शक्ती सारखी नसते. काही बिया पहिल्या वसंतात उगवतात, काही दुसऱ्या आणि काही तिसऱ्या. रानात ही विषमता जातीला तारते, कारण एखाद्या वर्षी उगवलेली सगळी रोपे उशिराच्या हिमाने किंवा अवर्षणाने गेली तरी जमिनीत राखीव बियाणे शिल्लक असते. पश्चिम आशियातील कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या ऑन्कोसायक्लस गटातील आयरिसमध्ये हे टोकाला गेलेले दिसते. त्यांच्या बिया कित्येक वर्षे थोड्याथोड्या उगवत राहतात.

यातून जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निघतो. आपण दरवर्षी फक्त पहिल्या वसंतात उगवलेली रोपे ठेवली, त्यांच्याच बिया पुन्हा पेरल्या आणि उरलेली माती फेकून दिली, तर काही पिढ्यांत आपल्या हाती लवकर रुजणारी, बागेला सोयीची झाडे उरतील आणि रानात तग धरण्याचा त्यांचा मूळ गुण निघून गेलेला असेल. झाडावरची पाटी तीच राहील, पण झाड ते नसेल. म्हणून आपल्या कुंडीत उगवलेली सात रोपे दोन-तीन पाने आली की मुळांभोवतीची माती न विस्कटता हलकेच काढून घ्या, कुंडीतील माती पुन्हा सारखी करा, वर बारीक खडीचा पातळ थर द्या आणि कुंडी निदान आणखी दोन हिवाळे बाहेरच, ओलसर राहील अशी ठेवा. उशिरा आलेल्या रोपांना पहिल्या रोपांइतकीच जागा द्या.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळा सौम्य असतो, पाणी कधीच गोठत नाही. अशा हवेत बियांना थंडी कशी द्यावी?

फ्रिजमध्ये, आणि ते अवघड नाही. बिया प्रथम साध्या पाण्यात आठवडाभर ते दहा दिवस भिजत ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. पहिल्या काही दिवसांत पाण्याला पिवळसर-तपकिरी रंग येतो आणि सुरकुतलेल्या बिया फुगून गुळगुळीत होऊ लागतात. त्यानंतर ओल्या करून पिळलेल्या वर्मिक्युलाइटमध्ये, परलाइटमध्ये (ही ओल धरणारी हलकी खनिज माध्यमे आहेत) किंवा कागदी रुमालाच्या घडीत बिया गुंडाळून त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात आणि फ्रिजमध्ये सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, फ्रीजरमध्ये नव्हे. दाढीवाल्या आयरिसला आणि सायबेरियन आयरिसला साधारणपणे आठ ते बारा आठवडे लागतात. माध्यम दाबल्यावर पाणी गळता कामा नये, कारण थंडीतही साचलेल्या पाण्यात बुरशी धरतेच. पंधरा दिवसांनी एकदा पिशवी उघडून पाहावी, बुरशी आलेल्या बिया धुऊन नव्या कागदात ठेवाव्यात आणि कोंब दिसलेल्या बिया लगेच मातीत लावाव्यात. काही बिया फ्रिजमध्येच रुजतात.

नंतर पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या, भरपूर जाड वाळू मिसळलेल्या मातीत एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरणी करावी आणि कुंडी सौम्य तापमानात ठेवावी. दिवसा 15 ते 20 अंश आणि रात्री त्याहून कमी तापमान मिळाले तर उत्तम. कडक उन्हाळ्यात अंकुरण थांबते, म्हणून आपल्या हवामानातला थंड काळ सुरू होताना बिया फ्रिजमधून बाहेर येतील असा हिशेब मागे मोजत करावा.

सर्वच आयरिसला थंडी लागते असे मात्र नाही. पूर्वी बेलमकांडा या स्वतंत्र प्रजातीत गणली जाणारी आणि 2005 पासून आयरिस डोमेस्टिका या नावाने ओळखली जाणारी नारिंगी, ठिपकेदार फुलांची जात थंडीवाचूनही सहज रुजते. तिचे बोंड उकलले की काळ्या चकचकीत बियांचा घोस उघडा पडतो. उबदार प्रदेशात राहणाऱ्याने सुरुवात तिच्यापासून करावी.

प्रश्न : बोंडे केव्हा तोडावीत?

हिरवेपणा जाऊन बोंड तपकिरी झाले आणि टोकाशी बारीक भेग दिसू लागली की लगेच. दाढीवाल्या आयरिसमध्ये परागणानंतर साधारण दोन महिने, सायबेरियन आयरिसमध्ये त्याहून काहीसा जास्त काळ लागतो. रोज लक्ष ठेवणे शक्य नसेल तर बोंडावर जाळीदार कापडाची पिशवी सैलसर बांधावी. त्याच दिवशी पेरायच्या असतील तर बिया वाळवण्याची गरज नाही. ताज्या बिया पुष्कळदा जास्त लवकर रुजतात.

प्रश्न : माझ्याकडे आयरिस सिबिरिका ही मूळ जात आहे आणि शेजारच्या वाफ्यात सायबेरियन आयरिसचे बागायती वाणही आहेत. जातीचे शुद्ध बी मिळवण्यासाठी काय करावे?

आपली शंका रास्त आहे. आयरिस सिबिरिका आणि तिची पूर्व आशियातील बहीण आयरिस सँग्विनिया या दोघींची गुणसूत्रे 28 असून त्यांचा संकर विनासायास होतो, आणि बहुतेक सायबेरियन बागायती वाण याच संकरातून आलेले आहेत. त्यामुळे मधमाश्यांनी परागण केलेल्या फुलांचे बी शुद्ध असल्याची खात्री आपल्या बागेत देता येणार नाही. परागण हातानेच करावे लागेल आणि त्यासाठी फूल नीट पाहणे आवश्यक आहे.

आयरिसच्या फुलात तीन पाकळ्या बाहेर झुकलेल्या आणि तीन उभ्या असतात. झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर छतासारखा आणखी एक पाकळीवजा भाग टेकलेला दिसतो. तो पाकळी नसून स्त्रीकेसराची एक शाखा असतो. या छताखाली एकच पुंकेसर दडलेला असतो, आणि छताच्या पुढच्या कडेजवळ, खालच्या बाजूला, एक इवलासा ओठ असतो. पराग स्वीकारणारा पृष्ठभाग या ओठाच्या बाहेरच्या बाजूला असतो. मधमाशी आत शिरताना तिच्या पाठीवरचा दुसऱ्या फुलाचा पराग ओठावर खरवडला जातो, पुढे पुंकेसराखालून जाताना नवा पराग पाठीवर चढतो, आणि ती मागे सरत बाहेर पडते तेव्हा ओठ मिटला जाऊन स्वतःच्या परागाला वाव उरत नाही. ही रचना भिंगाखाली एकदा तरी पाहावी.

कळी उद्या फुलणार अशा अवस्थेत आली की तिच्या पाकळ्या हलकेच सोडवून तिन्ही पुंकेसर चिमट्याने काढून घ्यावेत आणि झुकणाऱ्या पाकळ्याही तोडून टाकाव्यात, म्हणजे मधमाशीला उतरायला फलाट राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ खाली वाकून सुटा झालेला दिसला की त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचा ताजा पराग त्यावर लावावा. दुसरे झाड म्हणजे वेगळ्या बीपासून वाढलेले झाड. त्याच बेटातील शेजारचा फुटवा चालणार नाही. शेवटी देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून तीवर दोन्ही झाडांची नोंद आणि तारीख लिहावी. केवळ दोन झाडांवर न थांबता जितक्या झाडांचा परस्परांशी संयोग घडवता येईल तितका घडवावा, नाहीतर काही पिढ्यांत आप्तसंकराने रोपे दुबळी होतात. फुलाचा रंग आवडला म्हणून तेवढ्याच झाडाचे बी धरण्याचा मोहही टाळावा. बागेसाठी निवड करणे मुळीच गैर नाही, परंतु ती झाडे आणि जतनाची झाडे यांचे वाफे व नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आयरिसमधील संकर निसर्गातही घडतो आणि त्यातून कधी नवी जातही उभी राहते. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1936 मध्ये असे मांडले, की उत्तर अमेरिकेतील आयरिस व्हर्सिकलर ही आयरिस व्हर्जिनिका आणि आयरिस सेटोसा यांच्या प्राचीन संकरातून आली असावी. व्हर्जिनिकाची गुणसूत्रे 70, सेटोसाची 38 आणि व्हर्सिकलरची बरोबर 108. या तिन्ही जातींच्या प्रत्येकी 50 फुलांची अँडरसनची मोजमापे रोनल्ड फिशर यांनी त्याच वर्षी आपल्या संख्याशास्त्रीय लेखात वापरली आणि आज संगणकाचे विद्यार्थी जगभर त्याच आकड्यांवर वर्गीकरणाचे पहिले धडे गिरवतात. ती फुले रानातली होती आणि प्रत्येक फूल दुसऱ्यापेक्षा थोडे वेगळे होते, म्हणूनच ती मोजमापे उपयोगाची ठरली.

प्रश्न : रोपे गवतासारखी दिसतात. ती आयरिसचीच आहेत हे कसे ओळखावे आणि जागा केव्हा बदलावी?

पहिले पान एकटे आणि अरुंद असते, त्यामुळे गोंधळ होतो. रोप मुळाशी चिमटीत धरून पाहावे. आयरिसचे पान तळाशी चपटे असते आणि पुढची पाने एकाच पातळीत पंख्यासारखी निघतात. दोन-तीन पाने झाली की स्थलांतर करावे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयरिसच्या मुळांना मात्र हलवणे सोसत नाही, म्हणून त्यांच्या बिया थेट जागेवर किंवा सुट्या छोट्या कुंड्यांत पेराव्यात. पाणी शक्यतो खालून द्यावे, म्हणजे कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडत नाहीत. दाढीवाली आणि सायबेरियन आयरिस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतात, कांद्यापासून वाढणाऱ्या छोट्या जातींना तीन ते पाच वर्षे लागतात.

प्रश्न : तळ्याकाठी पिवळी पाणआयरिस लावली आहे. तिच्या बिया सांडून आपोआप रोपे येतात. आणखी पसरू द्यावी का?

ती आयरिस स्यूडाकोरस असावी. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका ही तिची मूळ भूमी आहे आणि तिथे ती पाणथळीची मानाची रहिवासी आहे. उत्तर अमेरिकेत आणि इतर काही प्रदेशांत मात्र ती बागांतून निसटून ओढ्यानाल्यांच्या काठाने दाट जाळी करते आणि तिथल्या मूळ पाणवनस्पतींना हुसकावून लावते. तिच्या बियांच्या आवरणात हवा असते, त्यामुळे त्या पाण्यावर तरंगत दूर जातात, आणि तुटलेल्या कंदाचा तुकडाही काठाला लागून रुजतो. आपला प्रदेश तिचा मूळ प्रदेश नसेल आणि तळ्याचे पाणी पुढे ओढ्याला मिळत असेल, तर बोंडे हिरवी असतानाच कापून नष्ट करावीत आणि उपटलेले कंद पाण्याजवळ टाकू नयेत. एका भूमीतील मूळ जात दुसऱ्या भूमीत संकट ठरू शकते, म्हणून आयरिस आहे एवढ्यावरच तिला सर्वत्र जपण्याजोगी मानता येत नाही.

प्रश्न : डोंगरावर रानटी आयरिसचे फुललेले बेट पाहिले. जतनासाठी एक-दोन कंद आणले तर चालतील का?

कंद आणू नयेत. खोदलेला कंद पुष्कळदा नव्या जागी मरतो, आणि जगला तरी आपल्याला एकच झाड मिळते व तिथले एक झाड कायमचे कमी होते. बिया गोळा करण्यासाठीही आधी त्या जागेच्या मालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्यावी, आणि ती जात कायद्याने संरक्षित आहे का हे विचारून घ्यावे. उदाहरणार्थ, ह्युरॉन आणि मिशिगन या सरोवरांच्या उत्तर किनाऱ्यांवर वाढणारी आयरिस लॅकस्ट्रिस ही वीतभरही उंच नसलेली निळी जात अमेरिकेत 1988 मध्ये धोक्यातील जात म्हणून नोंदवली गेली. तिच्या बियांना मुंग्यांना आवडणारा मांसल भाग असतो आणि मुंग्याच त्या बिया थोड्या अंतरावर नेतात. किनाऱ्यावर घरे आणि रस्ते झाले की ही बी चालून चालून जाणार तरी कुठे?

परवानगी मिळाली, तर ब्रिटनमधील क्यू उद्यानाच्या मिलेनियम सीड बँकेने स्वीकारलेला दंडक पाळावा. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पक्व बियांपैकी वीस टक्क्यांहून अधिक घेऊ नयेत, आणि त्या एकाच झाडाच्या न घेता बेटाच्या निरनिराळ्या भागांतून थोड्याथोड्या घ्याव्यात. जागा, उंची, जमिनीचा प्रकार, ऊन-सावली, आजूबाजूची झाडे आणि तारीख तिथेच लिहून ठेवावी. नोंद नसलेली बी बागेला उपयोगी पडेल, परंतु जतनाच्या कामात तिचे मोल फार उरत नाही, कारण ती कुठल्या रानाची हे पुढे कोणालाही ठरवता येत नाही.

तरीही कुंडीतले जतन हे दुय्यम जतन आहे. इस्राएलच्या किनारपट्टीवरील वाळूत वाढणाऱ्या आयरिस ॲट्रोपर्प्युरियाच्या काळसर जांभळ्या फुलांत मध नसतो. युसेरा या प्रजातीतील नर मधमाश्या संध्याकाळी त्या फुलांच्या बोगद्यांत रात्रीच्या आसऱ्याला शिरतात आणि त्यांच्या या वावरातूनच परागण होते. त्या किनाऱ्यावर इमारती वाढत गेल्याने ही आयरिस धोक्यात आली आहे. तिच्या बिया शीतगृहात सुरक्षित राहतील, पण फूल आणि माशी यांचा हा संबंध वाळूच्या त्या पट्ट्यातच टिकू शकतो. म्हणून जिथे अधिवास वाचवण्यासाठी काही करता येण्याजोगे असेल, तिथे आपला वेळ आणि आपली सही आधी त्या कामी लागावी.

बागेत वाढलेली रोपे परस्पर रानात नेऊन लावणेही टाळावे. बागेतील रोग आणि अनोळखी संकराचा पराग त्यांच्यासोबत रानात जातो. अशी रोपे जास्त झाली तर नोंदींसह जवळच्या वनस्पती उद्यानाला कळवावे आणि पुढचे पाऊल त्यांच्या सल्ल्याने टाकावे.

प्रश्न : उरलेल्या बिया किती दिवस टिकतात, आणि परदेशातील मित्राला पाठवता येतील का?

आयरिसच्या बहुतेक जातींच्या बिया वाळवून थंडीत साठवता येतात. बी-पेढ्यांमध्ये त्या सुमारे 15 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत वाळवून उणे 20 अंशांना ठेवल्या जातात. घरी कागदी पाकिटात भरून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद बरणीत, फ्रिजच्या नेहमीच्या कप्प्यात ठेवल्या तर काही वर्षे चांगल्या राहतात. ओलसर बी मात्र बरणीत बंद करू नये. परदेशी पाठवताना त्या देशाचे आयातीचे नियम आधी पाहावेत, पुष्कळ ठिकाणी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि रानातून गोळा केलेल्या बियांना जैवविविधतेविषयीच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागू शकते. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील आयरिस संस्थांच्या बी-देवाणघेवाणीत सहभागी होणे हा त्याहून सरळ मार्ग आहे. बिया कोणत्याही मार्गाने गेल्या तरी पाकिटावर जातीचे नाव, बी रानातील की बागेतील, परागण हाताने की मोकळे, आणि गोळा केल्याचे वर्ष एवढे तरी स्वच्छ अक्षरात लिहावे. शाई पाण्याने पुसली जाते, म्हणून पेन्सिल वापरावी.